आठ जण अटॅकवर ठेवणाऱ्या मॅनेजर साहेबांस खुले पत्र

माननीय मॅनेजर साहेब,



गेल्या हंगामातल्या आपल्या कामगिरीबद्दल जाहीर अभिनंदन करायचे राहून गेले होते. इंग्लंडच्या सहाव्या श्रेणीतला, नॅशनल लीग नॉर्थमधला एक साधा क्लब आपल्या हाती आला. खेळाडू अर्धवेळ, म्हणजे दिवसभर दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. बोर्डाची अपेक्षा एवढीच, की खालच्या श्रेणीत जाऊ नका. आपण 'फुटबॉल मॅनेजर २०२४' हा संगणकावरचा खेळ उघडलात, टॅक्टिकच्या पानावरच्या तयार शैलींच्या यादीत 'गेगनप्रेस'वर टिचकी मारलीत, ४-२-३-१ ठेवलीत आणि चहा गाळायला उठलात. चहाला उकळी येण्याआधी क्लबचे तत्त्वज्ञान ठरले होते. एवढ्या झपाट्याने निर्णय घेणारा माणूस आपल्याकडे महापालिकेतसुद्धा सापडत नाही.

संघाशी ओळख करून घेण्याच्या फंदात आपण पडला नाहीत, हे उत्तमच. ओळख झाली की माया जडते. म्हणून आपल्याला कधी कळलेच नाही, की आपल्या एका सेंटरबॅकचा वेग २० पैकी ६ आहे आणि दुसऱ्याचा ७. दोघेही धिप्पाड. पेनल्टी बॉक्समध्ये उभे राहायचे आणि वरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परत धाडायचा, एवढ्या एकाच कामावर त्यांनी आजवर पोट भरले. आपण त्यांना बचावाची रेषा उंच ठेवून थेट मध्यरेषेपाशी नेऊन उभे केलेत. पाठीमागे अर्धे मैदान मोकळे. प्रतिस्पर्ध्यांना फार विचार करावा लागला नाही. चेंडू डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि धावायचे. शनिवार उजाडला, की आपले दोन्ही सेंटरबॅक प्रतिस्पर्धी स्ट्रायकरच्या पाठीवरचा क्रमांक वाचत पळताना दिसायचे.

गेगनप्रेस वाईट आहे, असे कोण म्हणेल? युर्गन क्लॉप यांच्या डॉर्टमुंडने त्याच वृत्तीने २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे बुंडेसलिगा जिंकली. चेंडू गेला की मागे पळायचे नाही, तिथल्या तिथे झडप घालून तो परत मिळवायचा. त्याला फुप्फुसे लागतात, पाय लागतात आणि रोज पूर्णवेळ सराव लागतो. आपल्या मधल्या फळीतल्या खेळाडूचा दमसास ९. साठाव्या मिनिटाला त्याच्या नावापुढचे हृदयाचे चिन्ह केशरी झाले, तेव्हा आपण त्याला 'आणखी जोर लाव' असा संदेश काठावरून दिलात. माणुसकी म्हणतात ती हीच.

आता आपल्या रोलनिवडीकडे येऊ, कारण खरी प्रतिभा तिथे प्रकटली. पूर्वी या खेळात प्रत्येक खेळाडूच्या मानसिकतेची पट्टी डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागे. २००९ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून मॅनेजरच्या हाती रोल आले, आणि रोलसोबत डिफेंड, सपोर्ट किंवा अटॅक ही ड्यूटी. फुटबॉलची भाषा बोलत संघ बांधता यावा, हा हेतू. आपण ती भाषा कशी वापरलीत, त्याची नोंद इतिहासासाठी इथे करून ठेवतो.

दोन होल्डिंग मिडफिल्डरांपैकी एक रेजिस्ता, म्हणजे जागा सोडून फिरणारा सूत्रधार. दुसरा सेगुंदो व्होलांते, अटॅकवर, म्हणजे चेंडू मिळताच पुढे धाव घेणारा. त्यांच्यापुढे त्रेक्वार्तिस्ता, ज्याला मनमुराद हिंडायची मुभा आणि बचावाची जवळपास माफी. डावीकडे इनसाइड फॉरवर्ड, अटॅकवर. उजवीकडे राउमडॉयटर, म्हणजे मोकळ्या जागा हेरत फिरणारा. हा रोल खेळात आला तो बायर्नच्या थॉमस म्युलरने स्वतःचे तसे वर्णन केल्यामुळे. तो आपण अशा पोराला दिलात, ज्याचे एकमेव कौशल्य रेषेलगत पळून क्रॉस मारणे हे आहे. सर्वांत पुढे ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड. दोन्ही फुलबॅक कम्प्लीट विंगबॅक, अटॅकवर. आणि हे सारे पाहून गोलरक्षकाला एकटे वाटू नये म्हणून तोही स्वीपर कीपर, अटॅकवर.

मोजून आठ जण अटॅकवर, साहेब. घरी उरले कोण? वेग ६ आणि वेग ७. सोबतीला रेजिस्ता, तोही घरी असलाच तर. वरातीत सगळेच नवरदेव झाले, घोड्याचा लगाम धरायला कोणी राहिले नाही.

यातली आणखी एक गंमत आपल्या नजरेतून सुटली असेल. आपली शैली सांगते, की पुढच्या फळीने झडप घालावी. आपले रोल सांगतात, की पुढच्या फळीतल्या त्रेक्वार्तिस्ता आणि राउमडॉयटर या दोघांनी बचावाच्या कामात पडू नये. एका हाताने हुकूम, दुसऱ्या हाताने रजेचा अर्ज मंजूर. प्रेस करायला स्ट्रायकर एकटा धावतो, प्रतिस्पर्धी एक साधा पास देऊन त्याला ओलांडतात आणि आपल्या मोकळ्या मधल्या फळीतून फेरफटका मारतात. मग आपण स्ट्रायकरला बोलावून 'मेहनत कमी पडते' म्हणून दंड करता.

आपल्याला प्रेरणा लिव्हरपूलकडून मिळाली, हे मी जाणून आहे. दोन्ही फुलबॅक सतत पुढे, हे आपण टीव्हीवर पाहिलेत. २०१८-१९ च्या प्रीमियर लीग हंगामात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डच्या नावावर १२ असिस्ट होते आणि अँडी रॉबर्टसनच्या नावावर ११. एवढे पाहून आपण टीव्ही बंद केलात. त्या दोघांच्या मागे हेंडरसन, फाबिन्यो आणि वायनाल्डम काय करत होते, ते पाहायचे राहिले. ते तिघे विशेष गोल करत नव्हते, त्यांच्या चित्रफिती कोणी मोबाइलवर फिरवत नव्हते. फुलबॅक जिथून गेला ती जागा झाकणे, हेच त्यांचे काम. पुढे फर्मिनो स्ट्रायकर असून खाली उतरायचा, म्हणून सालाह आणि माने यांना आत घुसायला वाट मिळायची. एक खाली आला म्हणून दुसरा वर गेला. एक वर गेला म्हणून तिसरा थांबला. रोल निवडणे म्हणजे हा हिशेब मांडणे. आपण फक्त जमेची बाजू लिहिलीत.

आपला बचाव मला ठाऊक आहे: 'पण सगळ्यांची वर्तुळे हिरवी होती!' होती ना. त्या खेळाडूला तो रोल कितपत जमेल, एवढेच ते हिरवे वर्तुळ सांगते. संघाला त्या रोलची गरज आहे का, शेजारच्याशी त्याचे जमेल का, तिघे एकाच जागी तर धावत नाहीत ना, हे ते सांगत नाही. आपला इनसाइड फॉरवर्ड, व्होलांते आणि त्रेक्वार्तिस्ता डी-च्या तोंडाशी एकमेकांच्या पायात येत होते आणि तिघांचीही वर्तुळे तेव्हा झकास हिरवीगार होती.

माणूस ओळखून जागा देणे म्हणजे काय, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. भारत पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. पुढे जर्नैलसिंग या आपल्या भक्कम बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर होता. भारत २-१ ने जिंकला आणि एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नैलसिंगचा. रहीम यांच्यासमोर हिरवे वर्तुळ नव्हते. या माणसाच्या अंगात काय आहे, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी ते धाडस केले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा सिनेमा पाहताना आपले डोळे पाणावले, असे ऐकतो. सिनेमा संपल्यावर आपण थेट गेगनप्रेसकडे परतलात.

'४-४-२ आता कोण खेळतो?' हे आपले आवडते वाक्य. उत्तर देतो. क्लॉडिओ रानिएरी यांचे लेस्टर खेळले, २०१५-१६ मध्ये, आणि ८१ गुण मिळवून प्रीमियर लीगचे विजेते झाले. त्यांचे सेंटरबॅक वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ काही हरणे नव्हती. रानिएरींनी त्यांना खाली, आपल्या बॉक्सच्या जवळ ठेवले, जिथे ताकद आणि उंची कामाला येते. चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडे राहू दिला. मध्ये कांते चेंडू हिसकावत होता, आणि हिसकावला की पुढच्या मोकळ्या जागेत वार्डी सुटायचा. त्याने २४ गोल केले, माहरेझने १७. फॉर्मेशन जुनी होती, पण तिच्यात उभे असलेले अकराही जण आपापल्या जागी होते. आपली फॉर्मेशन ताजी आहे. माणसे मात्र परक्या घरात आल्यासारखी उभी असतात.

आपल्या पराभवोत्तर वर्तनाची नोंद केली नाही, तर हे पत्र अपुरे राहील. पहिला पराभव: दोष गोलरक्षकाचा. दुसरा पराभव: दोष पंचाचा. तिसरा पराभव: आपले फटके २४, गोल शून्य, त्यांचे फटके ३, गोल २, म्हणून 'गेमच चीटिंग करतो'. ते २४ फटके कुठून मारले होते, हे पाहण्याइतका वेळ आपल्याकडे नव्हता. अठरा तर पंचवीस यार्डांच्या बाहेरून, कारण आत जायला वाटच नव्हती. तिथे आपलेच तिघे उभे होते. नाचता येईना, अंगण वाकडे. फक्त आपले अंगण कोडमध्ये लिहिलेले असल्यामुळे त्याला उलट बोलता येत नाही.

मग आपण कुणीतरी बनवलेली 'कधीच न हरणारी' टॅक्टिकची फाईल उतरवून घेतलीत. ती ज्या संघावर तपासली होती, त्यात युरोपातले अव्वल खेळाडू होते. आपल्या संघात एक प्लंबर आणि एक पोस्टमन असावा असा माझा अंदाज. तीन सामने हरताच दुसरी फाईल, मग तिसरी. टॅक्टिक अंगवळणी पडल्याची पट्टी दर पंधरवड्याला खाली यायची. खेळाडूंना एक पाठ होते न होते, तोच अभ्यासक्रम बदलायचा. शेवटी तर आपण सामना हरला, की गेम बंद करून जुन्या सेव्हवर परत जायला लागलात. खऱ्या मॅनेजरांना ही सोय नाही, म्हणूनच बिचारे आपल्याइतके आत्मविश्वासाने बोलू शकत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाची रचना वेगळी आणि नसतानाची वेगळी मांडता येते. दोन्हींसाठी रोलही वेगळे. डिफेंड, सपोर्ट, अटॅक या ड्यूट्या तिथून गेल्या. म्हणजे फळ्यावरची ४-२-३-१ हे संघाचे एकमेव चित्र नसते, ही गोष्ट आता आपल्यासारख्यांसाठी पडद्यावरच मांडून ठेवली आहे. आपण दोन्ही फळ्यांवर तेच चित्र चिकटवाल, याबद्दल मला शंका नाही.

आता थोडे गांभीर्याने. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये आला, तेव्हापासून या जातीच्या खेळात एक गोष्ट बदललेली नाही. इथे तुम्हाला चेंडूला पाय लावता येत नाही. पास देता येत नाही, गोल मारता येत नाही. तुमच्या हाती एकच गोष्ट आहे: निवड. कोण खेळणार, कुठे, कसे, आणि त्याच्या शेजारी कोण. तीसुद्धा आपण तयार शैलीला, हिरव्या वर्तुळाला आणि दुसऱ्याच्या फाईलला देऊन टाकलीत. मग रात्री दोनपर्यंत जागून आपण नेमके काय केलेत? 'कंटिन्यू'चे बटण दाबलेत.

पुढच्या हंगामाआधी तीन कामे करा. पहिले, फॉर्मेशनच्या पानाला हात लावण्यापूर्वी संघाची यादी वाचा आणि सामना फिरवू शकतील असे दोन खेळाडू शोधा. रचना त्यांच्याभोवती बांधा. दुसरे, ज्याला पुढे धाडाल, त्याच्या मागची जागा कोण झाकणार त्याचे नाव आधी लिहा. नाव सुचत नसेल, तर त्याला धाडू नका. तिसरे, हरलात तर एक सामना ठळक क्षणांऐवजी पूर्ण पाहा, आणि चेंडूकडे न पाहता आपल्या बचावाकडे पाहा. मग हव्या तितक्या वेळा हरा. तो पराभव निदान आपला असेल.

तोवर निकाल असा: गेल्या हंगामातल्या घसरणीला ४-२-३-१ जबाबदार नाही, गेगनप्रेस नाही, वेग ६ आणि वेग ७ तर मुळीच नाहीत. जबाबदार आपण आहात. त्या दोन सेंटरबॅकांची जाहीर माफी मागा आणि त्यांना त्यांच्या बॉक्समध्ये परत नेऊन सोडा.

कळावे.

आपल्या संघाचा (आपला नव्हे) हितचिंतक