उत्कृष्ट सेवेचे पुरावे जोडावेत

विद्यापीठाच्या आस्थापना विभागाचं एक परिपत्रक आमच्या हाती आलं आहे. ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांच्या उत्कृष्ट सेवेची दखल घ्यायचं प्रशासनाने यंदाही ठरवलं असून, १२ ऑगस्टला, म्हणजे डॉ. रंगनाथन यांच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय ग्रंथपाल दिनी, पुरस्कार दिले जाणार आहेत. विद्यापीठाचं नाव मुद्दामच सांगत नाही. एकाचं सांगितलं तर बाकीची रुसतील. आमचंही परिपत्रक शब्दशः असंच आहे, मग आमची बातमी का नाही, म्हणून.

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि प्रशस्तिपत्र असं पुरस्काराचं स्वरूप आहे. रोख रकमेचा प्रस्ताव वित्त विभागाकडे 'विचाराधीन' आहे. ज्यांना विद्यापीठीय मराठी कळतं त्यांनी नारळ खवायला घ्यावा. परिपत्रकाच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की, समारंभास सर्व कर्मचाऱ्यांची उपस्थिती अनिवार्य असल्याने सदर दिवशी देवघेव व संदर्भसेवा बंद राहील. हे योग्यच झालं. सेवेचा गौरव निर्विघ्न पार पडायचा तर सेवा मध्येमध्ये यायला नको.

अर्ज ज्याचा त्याने करायचा आहे. आपली सेवा उत्कृष्ट आहे असं आपणच, विहित नमुन्यात, तीन प्रतींत आणि उचित मार्गाने कळवायचं. उचित मार्ग ग्रंथालयाच्या संचालकांकडून जातो. २०१६च्या विद्यापीठ कायद्यापासून ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणायचं आणि त्याच्या प्रमुखाला संचालक. पोरं अजून लायब्ररीच म्हणतात, ते सोडा. आमच्या या विद्यापीठात संचालकाचं पद रिक्त असल्याने त्याचा अतिरिक्त कार्यभार रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे आहे. भला माणूस. आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करतो आणि जाताना न चुकता विचारतो, "बाकी काही?" निवड समितीचे अध्यक्षही तेच.

गुणांकन शंभरापैकी. परिषदा, चर्चासत्रं आणि शोधनिबंधांना तीस गुण. म्हणजे 'वाचककेंद्री ग्रंथालय सेवा' या विषयावर बोलायला जो वर्षातून पाचदा परगावी गेला आणि त्या पाचही वेळी ज्याच्या खिडकीवर 'कर्मचारी कामानिमित्त बाहेर' अशी पाटी लागली, तो तीस गुणांनी पुढे. दस्तऐवजीकरणाला पंचवीस. शिस्त आणि बायोमेट्रिक हजेरीला वीस. 'पुस्तकहानी निरंक' याला वीस. उरले पाच, ते वाचकांच्या अभिप्रायाला, आणि तोही विभागप्रमुखांच्या शिफारशीसह.

या 'पुस्तकहानी निरंक'पाशी जरा थांबू. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ क्रमांकाचा एक नियम आहे. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी समजावं, असं तो सांगतो. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. सरकारी नियमाला इतकी माणुसकी क्वचित सुचते. लिहिणाऱ्याने कधीतरी देवघेवीच्या खिडकीमागे दिवस काढले असावेत. पण ग्रंथालयं हा नियम भाषणात सांगतात, खिडकीवर पाळत नाहीत. खिडकीमागच्या माणसाला एवढंच ठाऊक असतं की, निवृत्तीच्या वेळी हिशेब होईल, तेव्हा हरवलेल्या पुस्तकांची यादी त्याच्या नावासमोर येईल आणि नियम दाखवायला कुणी येणार नाही. तेव्हा पुस्तक न हरवण्याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे ते कुणाला न देणं.

गेल्या वर्षीचे मानकरी याच वाटेने मानकरी झाले. त्यांच्याकडे दुर्मीळ ग्रंथांचा कक्ष. कक्षाला कुलूप, कपाटांना कुलपं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. कुणी ग्रंथ मागायला आलं की ते आधी मार्गदर्शकांचं पत्र मागत. पत्र आणलं की त्यावर जावक क्रमांक नाही म्हणत. जावक क्रमांक घेऊन आला की चहाची वेळ झालेली असे. सत्काराला उत्तर देताना ते प्रांजळपणे म्हणाले, "माझ्या अख्ख्या सेवेत एक पुस्तक जागचं हललं नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. खरंच हललं नव्हतं. आतल्या कसरीने मात्र एकेक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवला होता. त्या कक्षातला तेवढाच नियमित वाचक. पण त्याच्याकडे ओळखपत्र नसल्याने देवघेवीच्या नोंदीत तो येत नाही.

आता दस्तऐवजीकरण. दिलेल्या प्रत्येक सेवेचा पुरावा जोडायचा आहे, शक्यतो जिओटॅग केलेल्या छायाचित्रासह. नॅकची समिती येऊन गेल्यापासून विद्यापीठात अक्षांश-रेखांशाशिवाय काही घडतच नाही. वृक्षारोपण असो वा रक्तदान, फोटोच्या कोपऱ्यात नकाशा हवा. पण ग्रंथालयातल्या चांगल्या कामाची मोठी खोड अशी की ते दिसत नाही. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. आता वाचलेल्या वेळेचा फोटो कसा काढायचा? ज्याचा वेळ वाचला तो पुस्तक काखोटीला मारून केव्हाच पसार झालेला असतो. छायाचित्रात सापडतो तो ज्याचा वाचला नाही तो. त्याच्याकडे थांबायला वेळच वेळ असतो.

मागच्या महिन्यात संदर्भ विभागात एक प्रकार पाहिला. पीएचडी करणारी एक मुलगी 'विविधज्ञानविस्तार'चे जुने बांधीव खंड मागत होती. संगणकावर 'उपलब्ध' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. मांडणीवर त्या जागी एका जुन्या विद्यापीठ नियमावलीच्या चाळीसएक प्रती उभ्या होत्या. कर्मचाऱ्याने पुन्हा संगणक पाहिला आणि सांगितलं, "उपलब्ध आहे." मुलगी म्हणाली, "पण तिथं नाहीये." तो म्हणाला, "इथं तर आहे." हा अद्वैतवाद थोडा वेळ चालला. तेवढ्यात मागून परिचर मामा आले. म्हणाले, "छत गळलं तवा ते खंड वर पोटमाळ्यावर हलवले. मोडक्या खुर्च्यांच्या मागं हायेत. कोणता पायजे ताई?" मामा वर गेले, धुळीने माखून खाली आले आणि खंड टेबलावर ठेवून खिशातल्या फडक्याने पुसून दिला. वर म्हणाले, "पान जपून उलटा, कडा तुटतात. आन् झेरॉक्स नका काढू, शिवण जाईल. मोबाईलवर फोटो घ्या." ग्रंथजतनावरची कार्यशाळा एवढ्यात उरकली. ना उद्घाटन, ना आभारप्रदर्शन.

या मामांचं नाव पुरस्कारासाठी का जात नाही, असं मी भोळेपणाने विचारलं. आस्थापना विभागाने शांतपणे समजावलं. पहिली अट सलग दहा वर्षांच्या नियमित सेवेची. मामा चौदा वर्षं इथेच आहेत, पण कागदावर नाहीत. कागदावर ते एका मनुष्यबळ पुरवठादाराचे, जो विद्यापीठाला सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि ग्रंथज्ञ एकाच निविदेत पुरवतो. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवून तांत्रिक खंड दिला जातो. त्यामुळे मामांनी इथे कधीच अकरा महिन्यांपेक्षा जास्त नोकरी केलेली नाही. चौदा वर्षं नवखाच राहिलेला माणूस पोटमाळ्यावरचा प्रत्येक गठ्ठा ओळखतो, या चमत्काराची नोंद विद्यापीठाच्या कुठल्या रजिस्टरात होते ते मात्र कळू शकलं नाही.

राज्य सरकारचे रंगनाथन यांच्या नावाचे पुरस्कार आहेत, पण ते सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कार्यकर्त्यांना आणि सेवकांना. विद्यापीठाचा माणूस त्यात बसत नाही, आणि विद्यापीठाच्या पुरस्कारात मामा बसत नाहीत. बसायला तशी त्यांना खुर्चीही नाही.

खुद्द रंगनाथन यांचा अर्ज या समितीपुढे आला असता तर? १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं तेव्हा ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. ग्रंथालयाचा अनुभव निरंक. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत एकांताला कंटाळून, मला पुन्हा वर्गावर घ्या म्हणून ते कॉलेजकडे गेले होते, असं सांगतात. म्हणजे कर्तव्याविषयी अनास्था, शेरा पहिला. मग लंडनला शिकून आले आणि वीसेक वर्षं त्या ग्रंथालयाला चिकटून राहिले. कपाटं उघडी केली, वर्गीकरणाची स्वतःची पद्धत काढली. प्रस्थापित कार्यपद्धतीत विनापरवानगी बदल, शेरा दुसरा. पुढे आयुष्यभराच्या बचतीतले लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले आणि त्याला पत्नीचं, शारदाबाईंचं नाव ठेवलं. विद्यापीठाने ग्रंथपालाला द्यायचं की ग्रंथपालाने विद्यापीठाला, हेच मुळात ज्या गृहस्थाला कळलं नाही, त्याला पुरस्कार कसा मिळणार?

तशी ग्रंथालयात नावं लावायची आपल्याकडे जुनी हौस आहे, आणि ती वाईट नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी दोन-दोन लाख रुपये दिले. १८७८मध्ये पुरा झालेला तो मनोरा त्यांच्या आईच्या, राजाबाईंच्या नावाने उभा आहे. पुण्याच्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅ. जयकरांचं नाव, कोल्हापूरच्या ग्रंथालयाला बॅ. खर्डेकरांचं. पैसे देणाऱ्याचं नाव मनोऱ्याला, विद्यापीठ उभं करणाऱ्याचं इमारतीला, आणि मागितलेलं पुस्तक हातात आणून देणाऱ्याचं नाव फक्त हजेरीपटावर, तेही पुरवठादाराच्या.

एक मान्य करतो. या पुरस्काराची खरी स्पर्धा पुस्तकांच्या विभागात नाहीच, ती वाचनकक्षात आहे. तिथे सकाळी सहाला दार उघडतं आणि सव्वासहाला एकही जागा उरत नाही. प्रत्येक खुर्चीवर एक पाण्याची बाटली, एक पाठपिशवी आणि एमपीएससीची स्वतः आणलेली पुस्तकं. ग्रंथालयाच्या पुस्तकांशी या मंडळींचा संबंध उशी म्हणून आला तर आला. पंखा, दिवा, चार्जिंगचा प्लग आणि शेजारचा फोनवर बोलतो ही तक्रार, या चार गोष्टींवर तिथला कर्मचारी रात्री दहापर्यंत खपत असतो. त्याला मी खुशाल पुरस्कार देईन. पण गुणपत्रिकेत पंख्याला रकाना नाही.

निकाल आम्ही आत्ताच सांगून ठेवतो. यंदाचा पुरस्कार दस्तऐवजीकरणाला मिळणार. ज्यांनी मामा पोटमाळ्यावरून उतरत असताना त्यांचा फोटो काढला, खाली अक्षांश-रेखांश टाकले आणि 'दुर्मीळ नियतकालिकांचा शोध : एक अभिनव उपक्रम' या नावाने अर्जाला जोडला, ते शाल घेतील. समारंभाला खुर्च्या कमी पडतील, त्या पोटमाळ्यावरून मामाच उतरवतील. त्यांना शाल नको आहे. त्यांना अकरा महिन्यांच्या मागे-पुढे जोडलेले महिने हवे आहेत, आणि रिक्त पदांची जाहिरात निघाली तर अर्जाला वय उलटून गेलेलं नसावं, एवढंच.

प्रशासनाकडून ते व्हायचं तेव्हा होईल. तोवर पीएचडीवाल्यांना एक विनंती. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो. त्यात परमेश्वर, आईवडील, मार्गदर्शक, मार्गदर्शकांच्या सौभाग्यवती आणि टंकलेखक यांचे नावानिशी आभार असतात, आणि शेवटी 'ग्रंथालयातील समस्त कर्मचारीवृंद' अशी एक ओळ. ती बहुधा मागच्या प्रबंधातून जशीच्या तशी उचललेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून ऋणनिर्देश वगळला आहे, त्यामुळे पकडले जायची भीतीही नाही. तरी यंदा ती ओळ स्वतः लिहा. ज्याने पुस्तक काढून दिलं त्याचं नाव आणि आडनाव विचारून घ्या, त्याचा विभाग लिहा, आणि त्या पानाची एक प्रत आस्थापना विभागाला पाठवा. पोच मात्र घ्या. नाहीतर ती आलीच नाही म्हणतील.