माउसची मोजणी

मोजणी खात्यात ३२ वर्षं साखळी ओढली. तेवढ्या काळात तक्रार एकच ऐकली, शेजाऱ्याचा बांध आमच्या रानात आलाय. त्यामुळे निवृत्तीनंतर नातू जेव्हा म्हणाला, "आजोबा, माझा माउस खोटं बोलतो," तेव्हा मला नवा दावा दाखल झाल्याचा आनंद झाला.

प्रकरण असं. गोळीबाराच्या खेळात तो रोज मरत होता आणि दोष अर्थातच माउसचा होता. खोक्यावर लिहिलेलं, १६०० डीपीआय. म्हणजे इंचभर सरकवला की हा १६०० मोजणार. आम्ही ३३ फुटी साखळीचे सोळा आणे करायचो, आणि त्यातही मध्ये चहा व्हायचा!

पहिली मोजणी रद्दच झाली. पट्टी ठेवली, माउस दहा सेंटिमीटर ओढायला घेतला. बाण तीन सेंटिमीटरमध्येच पडद्याच्या कडेला नाक लावून उभा. १९२० ठिपक्यांचं ते रान १६०० च्या वेगाने सव्वा इंचाच्या आतच संपतं. शिवाय भरभर ओढला की बाण लांब जायचा, हळू ओढला की जवळच थांबायचा. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण होती, तिचा हा प्रताप. नावात अचूकता आणि काम हाताचा वेग बघून माप वाढवायचं. आमच्या खात्यात असा माणूस निलंबित झाला असता. किंवा साहेब.

मग बाणाचा नाद सोडून माउसची कच्ची मोजदाद दाखवणारा प्रोग्रॅम नातवाने घेतला. त्या एककाला मिकी म्हणतात, त्या प्रसिद्ध उंदरावरून. गुंठे-आण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाने मिकीला कशाला हसावं?

खरी अडचण माझ्या हाताची निघाली. मला वाटे सरळ ओढतोय, पण मनगट खिळ्यासारखं जागेवर आणि माउस त्याभोवती कमान काढणार. दहा अंश तिरका धरला तरी आडव्या मापातले दीड टक्के गळतात. पट्टीला टेकवून सरकवावा, तर त्याची कूस गोल, पुन्हा वळतो. शेवटी नातवाची कंपासपेटी रबरबँडने माउसच्या कुशीला बांधली आणि पेटीची सरळ कड पट्टीला लावली. "अहो, त्या मुक्या जीवाला काय करताय?" स्वयंपाकघराच्या दारातून विचारणा झाली. पट्टीही शून्यापासून धरली नाही, दहा ते वीस अशी धरली. शाळकरी पट्टीच्या शून्यावर आणि तलाठ्याच्या 'एवढंच आहे' वर विसंबू नये.

जमीनही महत्त्वाची. माउसच्या पोटाखाली कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि खालचं चित्र किती सरकलं ते ताडतो. काचेच्या टीपॉयवर तो ठार आंधळा झाला. सनमायक्यावर एक आकडा, मऊ पॅडवर दुसरा, कारण भिंगाची उंची बदलते. वाद ज्या रानाचा, मोजणी त्याच रानात, म्हणून नातवाच्या रोजच्या पॅडवरच दहा वेळा माप घेतलं.

सरासरी ६४८८ मिकी. दहा सेंटिमीटर म्हणजे ३.९३७ इंच. भागाकार १६४८. खोक्यावरच्यापेक्षा तीन टक्के जास्त. तीन टक्के म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. एकरात ते सव्वा गुंठ्याच्या घरात जातं, आणि तेवढ्यासाठी सख्ख्या भावांना कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी पाहिलंय.

निकाल वाचून दाखवला. माउस सुस्त नव्हता, उलट ठरल्यापेक्षा पळत होता. नातवाने क्षणभर विचार केला.

"म्हणजे जास्त पळतो, म्हणून नेम चुकतो!"

मोजणी विरुद्ध गेली की ती चुकीचीच असते. आमच्याकडे अशांसाठी निमताना मोजणी होती, पहिलीवर दुसरी, वरच्या साहेबाच्या हातची. इथे वरचा साहेब नसल्याने तोंडी अर्ज मीच दाखल करून घेतला. कंपासपेटी अजून सोडलेली नव्हतीच.