काटा हलला नाही, त्याबद्दल अभिनंदन

आमच्या रस्त्याखाली गॅसचा पाइप पुरणाऱ्या ठेकेदारसाहेबांस,



आपल्या टेस्टिंगचा अहवाल आमच्या सेक्रेटरींनी बराच पाठपुरावा करून मिळवला आणि सोसायटीच्या फलकावर लावला. वाचून ऊर भरून आला. हा प्लास्टिकचा पिवळा पाइप जास्तीत जास्त ४ बार दाबाने गॅस वाहणार, म्हणून त्यात दीडपट, म्हणजे ६ बार दाबाची हवा भरून ती २४ तास कोंडून ठेवायची. आपण ठेवलीत. दुपारी एक वाजता ६.००, संध्याकाळी सातला ६.००, पहाटे पाचला ६.००. तासातासाची नोंद, तीही एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. रात्रभर जागूनही अक्षर कुठे डळमळलेलं नाही.

मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. कोंडलेली हवा निवली की तिचा दाब उतरतो, हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. गेज ६ दाखवतो तेव्हा वातावरणाचा १ धरून आत ७ बार असतात. तापमान दहा अंशांनी उतरलं तर काटा जवळजवळ पाव बार खाली यायला हवा. जमिनीखाली दिवसरात्रीचा फरक कमी जाणवतो, मान्य. पण कंप्रेसरमधून हवा आत जाते ती गरम, आणि मग मातीत हळूहळू निवते. शिवाय पाइप पॉलिथिलीनचा. दाबाखाली तो पहिले काही तास किंचित फुगतो, आतली जागा वाढते, काटा उतरतो. म्हणून जाणकार मंडळी आधी पाइपला स्थिरावू देतात आणि मगच घड्याळ लावतात. आपला पाइप मात्र निवलाही नाही आणि फुगलाही नाही. निसर्गनियमांची इतकी बेपर्वाई मी पहिल्यांदाच पाहिली.

आपला माणूस त्या दुपारी पाइपाच्या एंड कॅपला पाठ टेकून घोरत होता. १२५ मिलिमीटरच्या पाइपात ६ बार असतील तर त्या टोपीला आतून साधारण ५०० किलोचा रेटा बसतो. टोपी निसटली तर समोर जो असेल त्याची धडगत नाही. मला त्याच्या धैर्याचं नवल वाटलं होतं. अहवाल वाचल्यावर त्याच्या शांत झोपेचं कारण कळलं.

बरं, समजा, नोंदी खऱ्या आहेत. तरी त्यांतून काय सिद्ध होतं? एक किलोमीटर पाइपात सुमारे ८ हजार लिटर जागा. एखादा जॉइंट तासाला एक लिटर हवा सोडत असेल तर दिवसभरात दाब घटणार बारच्या तीन हजारांशाने. आपला गेज शून्य ते दहाचा, त्याच्या दोन रेघांमध्ये हे अंतर दिसायला देवाची दृष्टी हवी. म्हणून तर खड्डा उघडा असताना प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे असतात. आपण आधी माती लोटली, वर डांबर ओतलं आणि मग टेस्टिंगचा बोर्ड लावला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

जॉइंटचीही एक तक्रार आहे. वितळवून जोडण्याआधी पाइपाची वरची पातळ साल खरवडून काढायची, जागा पुसून स्वच्छ करायची, पाइप क्लॅम्पमध्ये धरायचा आणि जोड थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. आपल्याकडे हे सगळं खांद्यावरच्या गमछ्याने उरकलं. असा कच्चा जोड ६ बारलाही टिकू शकतो आणि काही वर्षांनी, आपलं बिल निघून गेल्यावर, उघडू शकतो. आणि नवी लाइन चालू लाइनला जोडणारा शेवटचा जोड तर या चाचणीत येतच नाही. त्यावर गॅस सोडल्यानंतर साबणाचं पाणी कोण लावणार, हे अहवालात लिहायचं राहिलं आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की जॉइंटवरची माती काढा, साबण आणा (सोसायटी देईल) आणि फेरचाचणी घ्या. पाइप आधी स्थिरावू द्या, नोंदवहीत तापमानाचा रकाना घाला आणि आकडा ५.९३ आला तर ५.९३च लिहा. मला त्याने धीर येईल. तोवर इमारतीत गॅसजोडणी घ्यायची नाही, असा ठराव रविवारच्या सभेत एकमताने मंजूर झाला आहे.

कळावे,
आपल्या पाइपावरून रोज दूध आणायला जाणारा एक निवृत्त मास्तर