डॉलररावांचा मुकादम

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आता एखादे तरी डॉलरराव सापडतात. वय अठ्ठावीस-तीस, शिक्षण लातूरचं नाहीतर पुण्याचं, दोन-तीन वर्षं हिंजवडीत नोकरी, आणि टाळेबंदीत गावी आले ते परत गेलेच नाहीत. काम अमेरिकेतल्या कंपनीचं आणि बैठक वाशी किंवा भूममधल्या वडिलांच्या माडीवर. गाव निजलं की माडीवर इंग्रजी सुरू होतं आणि गाव शेताला निघालं की डॉलरराव अंथरुणाला पाठ टेकतात. त्यामुळे दुपारी बारापर्यंत झोपणारा मुलगा कमावता आहे, हे चारचौघांना पटवण्याचं काम आईवडिलांच्या गळ्यात पडतं. 'पोरगं काय करतंय?' याला 'अमेरिकेच्या कंपनीत हाय' म्हणावं, तर 'मंग हितं काय करतंय?' हा पुढचा प्रश्न तयारच असतो. लग्नाच्या बायोडाट्यात ते 'अमेरिकन कंपनीत' असतात. कंपनीला पाठवलेल्या डब्ल्यू-८बेन नावाच्या फॉर्मवर मात्र, आपण अमेरिकेचे कोणी लागत नाही, खोटं निघालं तर शिक्षेला पात्र, असं सही करून दिलेलं असतं. दोन्ही कागदांत खरा दुसरा.

कायद्याच्या लेखी डॉलरराव कोणाचेच नोकर नाहीत. ते सेवा निर्यात करणारे व्यावसायिक आहेत, आणि दर महिन्याला 'पगार झाला' म्हणून ते जे सांगतात ते खरं तर त्यांचं बिल वसूल झालेलं असतं. पगारदाराच्या मागे निदान कंपनीचा हिशेब विभाग तरी असतो. हे स्वतःच विभाग आणि स्वतःच त्याचे शिपाई. डॉलर कशाबद्दल आले हे बँकेला सांगायला पी०८०२ हा संकेतांक द्यायचा आणि परकीय चलन आल्याचा दाखला मागून ठेवायचा. वर्षाची आवक २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. निर्यातीवर कर शून्य आहे, पण तो शून्य फुकट मिळत नाही: दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र द्यायचं आणि आपण शून्य देणं लागतो, अशी विवरणपत्रं वर्षभर भरत राहायची. शिवाय राज्याचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी बसवला गेला. त्याआधी १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. आजोबांच्या खडीची मजुरी निघावी म्हणून आलेला कर नातू डॉलरमधून भरतो, आणि या सगळ्या कागदपत्रांत मला मनापासून आवडलेली गोष्ट एवढी एकच आहे.

लोक याला नव्या युगाची नोकरी म्हणतात. मला ती या जिल्ह्याला चांगली ओळखीची वाटते. दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावं नसतात. करार होतो मुकादमाशी, उचल वाटतो मुकादम, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि फंड, रजा, आजारपण या गोष्टी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. काम घ्यायचं पण कामगार घ्यायचा नाही, ही युक्ती इथे कितीतरी हंगाम चालत आली आहे. अमेरिकेतल्या वकिलांनी फक्त तिला 'स्वतंत्र कंत्राटदार' असं कलम लिहून दिलं. असा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५६ सालीच आला होता. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातले अगरिया कंत्राटदार की कामगार, हे ठरवायचं होतं. काम कसं करायचं यावर हुकमत कोणाची, हे न्यायालयाने पाहिलं आणि अगरियांना कामगार मानलं. त्या कसोटीला डॉलररावांना उभं करा. रात्री साडेनवाची बैठक चुकवायची सोय नाही, सुट्टी विचारून घ्यायची, आणि स्क्रीनवरचा हिरवा ठिपका जरा विझला की 'सगळं ठीक ना?' असा काळजीचा निरोप हजर. मिठागरावर एवढी प्रेमळ पाळत नसावी. फक्त हा दावा लावायचा झाला, तर करारात न्यायालय अमेरिकेतल्या डेलावेअरचं लिहिलेलं असतं.

महिन्याला लाखांनी कमावणाऱ्याला उचलीत अडकलेल्या मजुराशेजारी बसवणं, हा मजुराचा अपमान आहे, असं कोणी म्हणेल. कमाईपुरतं ते मला मान्य आहे. उचल फिटेपर्यंत कोयत्याला निघून जाता येत नाही. डॉलररावांची अडचण उलटी, त्यांना राहता येत नाही. एके रात्री पासवर्ड चालेनासा होतो आणि तेवढ्यात सारा निरोपसमारंभ उरकतो. यापेक्षा वजनदार हरकत पैशाची आहे. आयकराच्या कायद्यातलं एक कलम ठरावीक व्यावसायिकांची निम्मी आवक हेच उत्पन्न धरू देतं. २०२५-२६च्या नव्या कररचनेत २४ लाख आवक असलेल्या डॉलररावांचं उत्पन्न १२ लाख ठरतं आणि सवलत मिळून कर होतो शून्य. २४ लाखांच्याच पगारावर पुण्यातला नोकरदार सुमारे २ लाख ९२ हजार भरतो. उरलेले १२ लाख कशावर खर्च झाले, असं कलम विचारत नाही. लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि चहा यांत ते बसवणं अवघड असलं तरी. तेव्हा चांगल्या वर्षी डॉलररावच फायद्यात असतात, हे कबूल केलं पाहिजे. पण भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा आणि काम सुटल्यावरचे रिकामे महिने, हे सगळं त्याच बचतीतून निघायचं असतं. तिथून काय निघतं? माडीवरचा एसी आणि चुलतभावाच्या लग्नाचा आहेर.

कंपनीचीही बाजू आहे. डॉलररावांना रीतसर नोकरीत घ्यायचं तर तिला टॅन क्रमांक काढावा लागेल, दर महिन्याला टीडीएस कापावा लागेल, आणि एका माणसापायी कंपनीची भारतात कायमची आस्थापना आहे असं आयकर खातं म्हणेल, ही धास्ती वेगळीच. फंडाचा कायदा सर्वसाधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. इथे माणूस एक आणि आस्थापना म्हणजे माडी. यावर बाजारात तोड निघाली आहे. भारतात नोंदलेली एखादी मधली कंपनी कागदोपत्री मालक होते, पगारपत्रक देते, टीडीएस, फंड आणि महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापते, आणि माणशी ठरावीक फी घेते. म्हणजे वेबसाइट असलेला मुकादम, पण नियम पाळणारा. ही सोय पुढे आली की डॉलरराव खर्‍या अर्थाने कळतात. पगारपत्रक नाही म्हणून बँकेने घरकर्ज अडवलं, मुलीच्या मामाने तोंड वाकडं केलं, तेव्हा हळहळणारे हेच. पण पगारपत्रकातले कापाकापीचे रकाने पाहिले की त्यांना एकदम स्वातंत्र्य प्रिय होतं. 'हातात किती?' या एका प्रश्नावर सगळा कायदा अडतो, आणि तो प्रश्न त्यांना मूर्खपणाचा वाटत नाही, मलाही नाही.

माझी तक्रार त्यांच्या दराबद्दल आहे. मधला माणूस नको असेल तर नसो, पण त्याचं काम कोणीतरी करतंच, आणि ऊसपट्ट्यात त्या कामाला भाव आहे. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा मुकादमाचं कमिशनही टक्क्याने वाढलं. ते कोणी विसरलं नाही, मुकादम तर नाहीच. डॉलरराव मात्र दर सांगताना पुण्याचा जुना पगार बारा महिन्यांनी गुणतात, डॉलरच्या भावाने भागतात, वर थोडं घालतात आणि खूश होतात. करसल्लागाराची फी, बँकेची कपात, विमा, सुट्ट्या, यांतलं काहीच त्या आकड्यात नसतं. कोयत्याचे पैसे घेऊन मुकादमी फुकट करणारा असा माणूस ऊसतोडीत शोधूनही मिळायचा नाही. आणि तिथे निदान उचल हंगामाआधी हातात पडते. डॉलरराव महिनाभर काम करून मग बिल पाठवतात आणि खाली 'तीस दिवसांत देय' असं स्वतःच लिहितात. म्हणजे वाशीच्या माडीवरून अमेरिकेतल्या कंपनीला दर महिन्याला बिनव्याजी उचल जाते, आणि ती वसूल करायला यांच्याकडे मुकादमही नाही.