वाक्यात उपयोग करा

दहावीच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला आहे: ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ कंबर कसणे, तोंडाला पाने पुसणे, डोळ्यांत तेल घालणे ही मंडळी तिथली कायमची रहिवासी. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त परीक्षा संपल्यावर ती कुणाला भेटत नाहीत. म्हणून शिक्षण मंडळाला आमची विनंती आहे, की पुढच्या वर्षीपासून या यादीत ‘लाँग स्टोरी शॉर्ट’ यालाही जागा द्यावी. तो मराठीच आहे. पुण्यात, ठाण्यात, हल्ली कोल्हापुरातसुद्धा त्याच्यावाचून कुणाची संध्याकाळ पार पडत नाही.

अर्थ: ऐकणाऱ्याला जे सविस्तर हवे असते ते गाळणे आणि जे नको असते ते सविस्तर सांगणे.

वाक्यात उपयोग मंडळाच्या सोयीसाठी आम्हीच करून देतो. ‘लाँग स्टोरी शॉर्ट, बाबा, गाडी चौकीत आहे.’ वेळ रात्री दीडची. बाबांना खरं तर या वाक्याच्या आधीचे तीन तास हवे असतात. गाडी कोण चालवत होतं, मागे कोण बसलं होतं, ‘मित्राकडे अभ्यासाला’ म्हणून निघालेली गाडी लोणावळ्याच्या दिशेला कशी वळली, हे सगळं त्या ‘लाँग’मध्ये गेलं. हातात उरली चौकी.

हिंजवडीतल्या कंपन्यांतला उपयोग याहून आटोपशीर असतो: ‘लाँग स्टोरी शॉर्ट, लॅपटॉप आजच जमा करा.’ हे सांगणाऱ्या मॅडम नंतर पाणीही विचारतात.

आता उलटा प्रकार. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा. गणसंख्येअभावी ती अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच माणसांत पुन्हा भरते. सेक्रेटरी उठतात. ‘लाँग स्टोरी शॉर्ट, टाकी गळते आहे.’ इथे बसायला हवं होतं. पण नाही. बिल्डरने टाकी बांधली तेव्हापासून सुरुवात होते. मग वॉर्ड ऑफिसातला तो चांगला इंजिनिअर, त्याची झालेली बदली, त्याच्या जागी आलेला दुसरा, प्लंबरचा मेहुणा, मेहुण्याचं ऑपरेशन. मध्येच ‘सांगायचा मुद्दा काय’ येतं, त्याने थोडी आशा वाटते, आणि मेहुण्याला घरी सोडतात. वर्गणी किती, हा एकच आकडा लोकांना हवा असतो. तो ‘पुढच्या सभेत ठरवू’ म्हणून संपतो.

वडीलधाऱ्यांना इंग्रजीची गरज पडत नाही. सत्कार, साखरपुडा, पुस्तक प्रकाशन, कुठेही माईक हातात आला की ते म्हणतात, ‘एक छोटासा किस्सा सांगतो आणि थांबतो.’ व्याकरणाच्या दृष्टीने यातला ‘थांबतो’ वर्तमानकाळी दिसला तरी त्याला दूरचा भविष्यकाळ समजावा. हा व्यवहार जुन्या फ्लॅटसारखा आहे. बोली कार्पेट एरियाची आणि माथी मारायचा सुपर बिल्टअप: जिना, लॉबी, लिफ्टची खोली, सगळं धरून. फ्लॅटवाल्यांसाठी २०१७ साली महारेरा आलं. किस्से ऐकणारे अजून वाऱ्यावर आहेत.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे, असं मानून मराठी माणसाने स्वतःला फार कमी लेखू नये. २६ सप्टेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत फिडेल कॅस्ट्रो उभे राहिले. आपल्याला लांबलचक बोलणारा म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सुरुवातीलाच सभागृहाला दिलासा दिला, की काळजी नको, आपण थोडक्यात आटोपायचा प्रयत्न करू. त्यानंतर ते सुमारे साडेचार तास बोलले. आमसभेतल्या सर्वांत लांब भाषणाचा विक्रम त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी थोडक्यात आटोपायचं कबूल केलं नसतं तर किती वेळ लागला असता, याचा विचार क्यूबाच्या जनतेनेच करावा. तिला अनुभव होता.

अमेरिकेलाही हसायला जागा नाही. १८४१ साली अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांनी शपथविधीला जवळजवळ दोन तास भाषण केलं, तेही डॅनियल वेब्स्टर यांनी आधी कात्री चालवल्यावर. महिन्याभरात हॅरिसन वारले. भाषणाचा मृत्यूशी संबंध जोडणं बरोबर नाही, असं अलीकडचे डॉक्टर म्हणतात. श्रोत्यांना कुणी विचारलेलं नाही.

खरं म्हणजे मराठीला आटोपशीर किस्सा परका नाही. आपल्या गद्याचा श्रीगणेशाच किस्स्यांनी झाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यातल्या कितीतरी लीळा मोजक्या ओळींत उरकतात. शिवाय हा गृहस्थ गावोगाव हिंडून ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांना गाठायचा, विचारायचा. दोघांच्या सांगण्यात फरक निघाला तर तोही टिपून ठेवायचा. आजच्या किस्सेकऱ्याला असला खटाटोप परवडत नाही. त्याने दोन खाती उघडून ठेवली आहेत. किस्सा चावरा असेल तर अत्र्यांच्या नावावर, गोड असेल तर पु.लं.च्या. अत्रे १९६९ साली गेले, पु.ल. २००० साली. दोघांच्या नावावरचे किस्से मात्र दरवर्षी वाढताहेत. ते सगळे खरे असते तर या दोघांना एक ओळ लिहायला फुरसत मिळाली नसती.

म्हाइंभटांची आठवण आणखी एका कारणाने येते. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी राजभवनावर भल्या सकाळी एक शपथविधी झाला. ते सरकार ऐंशी तासांच्या आसपास टिकलं, पण त्याची गोष्ट अजून चालू आहे. दर निवडणुकीत एखादा नेता ‘खरं काय घडलं ते एकदा थोडक्यात सांगून टाकतो’ म्हणतो आणि नवीच गोष्ट सांगतो. सगळ्या पक्षांच्या मिळून इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत, की पाठभेदांसह संपादित प्रत काढायला हरकत नाही.

जून २०२२ मध्ये तर संक्षेपाची कमालच झाली. बंडखोर आमदार मुंबईहून सुरत, सुरतेहून गुवाहाटी, तिथून गोवा, मग पुन्हा मुंबई. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आला, विधानसभा अध्यक्षांचा जानेवारी २०२४ मध्ये. एवढ्या लांब गोष्टीतून लोकांच्या लक्षात काय राहिलं? झाडी, डोंगार आणि हाटेल. उरलेलं सगळं एका वाक्यात बसवण्यात आलं: ‘मतदारसंघाच्या विकासासाठी.’ हाटेलाचं बिल कुणी दिलं, हा भाग ‘लाँग’मध्ये गेला आणि तिथून परत आला नाही. त्या काळात विरोधी बाकांवरून मोठमोठ्याने हिशेब मागणाऱ्यांपैकी काहींनीही पुढे आपापल्या सोयीने बाजू बदलली, तेव्हा त्यांनाही हेच वाक्य जसंच्या तसं उपयोगी पडलं.

बिल्डर, पुढारी, कंपनीच्या मॅडम, यांचं हे कौशल्य वाखाणण्यासारखं आहे. जिथे कारणं द्यायची असतात, तिथे ते किस्सा सांगणारा काका होत नाहीत. मेहुण्याचं ऑपरेशन त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. ते सरळ शेवटावर येतात, आणि तो शेवट आपल्या खिशातून गेलेला असतो.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुणी ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून ताबा, नोकरी किंवा मत यांबद्दल बोलू लागला, तर खुर्ची पुढे ओढा, चहा मागवा आणि लांबलचक गोष्ट पहिल्यापासून ऐकायचा हट्ट धरा. बोलणारा तुमचा काका असेल तर मात्र गाडीची किल्ली आधीच हातात ठेवा.