यदि, तर्हि आणि पंखा

माझी भाची अमेरिकेत मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी इटालियन शाळेत गेली, तेव्हा तिच्याकडून आधी प्रतिज्ञेवर सही घेतली: इथे आहे तोवर इटालियनखेरीज दुसरी भाषा तोंडातून काढणार नाही. त्या कॉलेजात असल्या उन्हाळी शाळा १९१५ पासून भरतात. पहिली जर्मनची, इटालियनची १९३२ पासून. फीचा आकडा ऐकून माझी बहीण दिवसभर कुठल्याच भाषेत बोलली नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी नाशकातल्या एका निवासी संस्कृत संभाषण शिबिरात माझं नाव घातलं. स्वतःचंही घातलं, नाहीतर मी पळून आलो असतो. प्रतिज्ञा तीच, फी मात्र इतकी किरकोळ, की उरलेली वसुली अंगमेहनतीतून व्हायची. ज्याचे गुडघे धड, त्याच्याकडे वाढप. माझे गुडघे धड असल्याची बातमी आयोजकांपर्यंत कोणी पोचवली, ते घरचंच माणूस असल्यामुळे नाव घेत नाही.

शाळेत आम्ही संस्कृत घेतलं ते मार्क पडतात म्हणून. तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता. इथे सगळं उलटं. पहिल्या तासापासून संस्कृतातच बोलायचं, ही रीत १९८१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या संस्कृत भारतीच्या चळवळीमुळे देशभर रुळली. देवः देवौ देवाः नाही, रूपं घोकणं नाही. शिक्षक छतावरच्या पंख्याकडे बोट दाखवणार आणि पन्नाशी ओलांडलेली माणसं बालवाडीच्या सुरात ‘व्यजनम्!’ म्हणून ओरडणार. मध्यम पुरुषाची कटकट नको म्हणून समोरचा प्रत्येक जण ‘भवान्’ किंवा ‘भवती’. त्यामुळे एखाद्याला मूर्ख म्हणायचं झालं तरी ते अहो-जाहोनेच म्हणावं लागे.

सुरुवातीला रामराज्य होतं. आमच्याकडे फक्त वर्तमानकाळ होता. ‘अहं जलं पिबामि.’ ‘सः उपविशति.’ एवढ्या सामग्रीवर कोणी कोणाशी भांडून दाखवावं! तक्रारीला भूतकाळ लागतो, धमकीला भविष्यकाळ. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत तो माणूस आपोआप संत होतो. जेवणाच्या पंगतीत मी भात घेऊन ‘आवश्यकम्?’ विचारायचो, लोक ‘किञ्चित्’ म्हणायचे आणि ताटावर डोंगर झाला की ‘पर्याप्तम्’ म्हणून हात आडवा धरायचे. भात गचका झालाय, हे कोणालाही सांगता येत नव्हतं. आचारी इतका खूश झालेला मी दुसऱ्या कुठल्या कार्यात पाहिलेला नाही.

आचारी प्रतिज्ञेच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे स्वयंपाकघरात मराठीचा काळाबाजार चालायचा. ‘जरा मीठ बघते’ असं खुणेनेच सांगून बायका आत शिरायच्या आणि कांद्याच्या पोत्याआड उभ्या राहून अर्धा तास मीठ बघायच्या. वाढप्यांना तिथे मुक्तद्वार होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी टाळाटाळ करणारे सगळे गुडघे हळूहळू बरे होऊ लागले.

आमच्या खोलीत अशोकस्तंभाजवळ राहणारे एक काका होते आणि जळगावचे एक भाऊ. काका अस्सल नाशिककर; म्हणजे पूर्वी नाशकात पंखे लागत नसत, यावर त्यांची गंगेइतकीच श्रद्धा. मुंबईचे लोक देवळालीला हवापालटासाठी येत, ते काय उगाच? भाऊ उन्हातून आलेला माणूस. पंखा पाचावर नसेल तर त्यांना तो फिरतोय असं वाटतच नाही. काका रात्री उठून पंखा बंद करायचे, भाऊ उठून लावायचे, आणि दोघेही सकाळी ‘सुप्रभातम्’ म्हणून हसायचे. वर्तमानकाळ!

मग शिबिरात भूतकाळाचा क्तवतु प्रत्यय आला. गतवान्, कृतवान्, खादितवान्. सकाळी शिकवला आणि दुपारच्या विश्रांतीत भाऊ अंथरुणावर उठून बसले: ‘ह्यः रात्रौ भवान् एव व्यजनं स्थगितवान्!’ ‘अहं न कृतवान्!’ काका म्हणाले. इतक्या दिवसांची वाफ एका प्रत्ययातून बाहेर पडली. पुढचा धडा यदि-तर्हि. ‘यदि भवान् पुनः स्थगयति, तर्हि अहं गृहं गच्छामि!’ त्यावर काकांनी अतिशय शुद्ध ‘गच्छतु’ म्हटलं. मग यद्यपि-तथापि आला आणि तो थेट माझ्या संसारात घुसला. वाक्य करून दाखवायला सौ. उभ्या राहिल्या: ‘यद्यपि मम पतिः बहु वदति, तथापि अर्थः नास्ति.’ शिक्षक ‘उत्तमम्!’ म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, व्याकरण निर्दोष होतं.

एका संध्याकाळी सगळ्यांना पांडवलेण्यांवर नेलं. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. सुरुवात झोकदार संस्कृतात: तीन लाख गायी दिल्या, घाट बांधले, वर्षाला लाख ब्राह्मण जेवू घातले. (लाखाची पंगत वाढणारा कोण होता, त्याचं नाव नाही.) पण पुढे जावईबापू ‘मी’वर येतात, मालवांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला भर पावसाळ्यात कसा गेलो ते सांगू लागतात, आणि भाषा घसरत घसरत प्राकृतात जाते. दानधर्म संस्कृतात, मारामारी घरच्या भाषेत. भाऊंनी त्या लेखाकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याच रात्री पंखा पुन्हा थांबला. भाऊ उठले, दिवा लावला आणि सुरुवात संस्कृतातच केली. ‘यदि व्यजनं न भ्रमति, तर्हि...’ इथपर्यंत आले, पुढचं क्रियापद काही सापडेना, आणि मग सरळ अहिराणी: ‘तुले समजत नही का रे भो!’

काकांनी उशीवरून मान उचलली आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, ‘भवान् नियमं भग्नवान्.’

नियमभंगाला शिक्षा एकच: दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर संस्कृतात गोष्ट सांगायची. भाऊ सकाळी माइकपुढे उभे राहिले, घसा खाकरला. ‘एकस्मिन् ग्रामे एकः वृद्धः आसीत्. तस्य एकः एव शत्रुः. वायुः!’ सभागृह हसलं. स्वयंपाकघराच्या दारातून आचारीही बघायला आले. भाऊंना चेव चढला. ‘वृद्धस्य गृहे एकः व्यजनः आसीत्...’

‘व्यजनम्!’ मागच्या रांगेतून काका कडाडले. ‘नपुंसकलिङ्गम्!’