हमिंगवाला

तो कुणाच्याही घरी गेला की लगेच बसत नाही. दारात चपला काढतो, मान जराशी कलती करतो आणि ऐकतो. यजमान 'या, या' करत असतात, आत कुकरची शिट्टी होते, टीव्हीवर कुणीतरी सुनेला घराबाहेर काढत असतं. त्यातलं काहीही त्याच्या कानात शिरत नाही. या सगळ्या गोंगाटाच्या तळाशी जे बारीक घुमत असतं, तेवढंच त्याला हवं असतं. ते सापडलं की चेहरा उजळतो. "फ्रिज, का इन्व्हर्टर?" तुम्ही उत्तर देऊन चहा सांगेपर्यंत तो तुमच्या मीटरपाशी पोचलेला असतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असा एक आहे, पण ही जमात आता सगळीकडे फोफावते आहे. वय चाळिशीपलीकडे, नोकरी आयटीत, कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार वाजवून टाळ्या घेतलेल्या. पुढे लग्न, गृहकर्ज, मुलांचे क्लास. मग एखाद्या बोनसला जुनी खाज उफाळून येते आणि इलेक्ट्रिक गिटार घरात येते. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणला तर खालचे आजोबा पोलिसात जातील, म्हणून सगळं लॅपटॉपवर. गिटारची वायर ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला, तिथून पुढे स्पीकर, आणि पायाशी पेडल. पाडव्याच्या मुहूर्तावर जोडणी पुरी झाली. घरचे सोफ्यावर ओळीने बसले. त्याने डोळे मिटले, हात उचलला, आणि पहिली कॉर्ड पडण्याआधी स्पीकरनेच सुरुवात केली. घूंऽऽऽ.

गिटार तेव्हापासून मागे पडली ती पडलीच.

खरं तर तो प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला होता. बायको उठली, लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि खोली शांत झाली. "वाजव आता." तो वाजवेना. "आवाज का थांबला?" म्हणाला. "चार्जर काढला म्हणून." "ते दिसतंय गं. पण का?" हा माणूस ऑफिसात दिवसभर गिऱ्हाइकांना 'एकदा बंद करून चालू करा' एवढंच सांगत असतो, आणि त्यावर त्याला बढत्या मिळालेल्या आहेत. गिऱ्हाइकाने कारण विचारलं तर 'आम्ही बघतो' म्हणतो आणि बघत नाही. घरी मात्र त्याला तात्पुरता इलाज चालत नाही. दिवसभर केलेल्या तडजोडींचा सगळा हिशेब तो संध्याकाळी त्या एका आवाजाकडून चुकता करून घेतो, असा माझा कयास आहे.

कारण त्याने शोधलं, आणि आता ते सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे, कारण लिफ्टमध्ये सुटका नसते. लॅपटॉप खिडकीजवळच्या बोर्डावर, स्पीकर दाराजवळच्या बोर्डावर. दोघांच्या प्लगला तिसरी जाड पिन, म्हणजे दोघेही आपापल्या वाटेने अर्थिंगला जोडलेले. मग तुम्ही दोघांमध्ये आवाजाची वायर टाकता. त्या वायरीच्या जाळीतूनही दोघांची अर्थिंग जोडली जाते, आणि वेटोळं पुरं होतं. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये विजेचा एवढासा जरी फरक असला, तरी त्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि गाण्यात मिसळतो. एकच निरोप दोन नातेवाइकांकडून यावा आणि दोघांच्या सांगण्यात जरासा फरक पडावा, की घरात जशी धुसफूस सुरू होते, तसंच हे. चार्जर काढला की एक नातेवाईक गप्प बसतो, एवढंच. लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वेटोळं तुटतं.

"मग दोन पिनांचा चार्जर लाव की," असं मी एकदा सुचवलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दोन पिनांचा चार्जर लावला की लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात. चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडी वीज पत्र्यावर उतरते, तिला जायला वाट नसते, मग ती तुमच्या मनगटातून वाट काढते. "दोन पिनांना मुंग्या, तीन पिनांना हमिंग," असं म्हणून तो सुस्कारा टाकतो. त्या सुस्काऱ्यात तक्रारीपेक्षा समाधान जास्त असतं.

त्याचं ज्ञान पोकळ नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आवाज ऐकून तो त्याचं कुळ सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा खालची संथ घूं असेल तर ते वेटोळं. वर कर्कश भणभण असेल तर ते १०० चं, पॉवर सप्लायमधून आलेलं. माउस हलवल्यावर किर्र आणि पान सरकवल्यावर चिर्र झालं, तर तो लॅपटॉपच्या पोटातला गोंधळ यूएसबीतून बाहेर पडतोय. पेटी घेऊन त्याने पट्टीही काढली आहे. आपली महाराष्ट्राची वीज पांढरी पाचच्या किंचित वर लागते. न्यू जर्सीच्या मामेभावाने गिटारचं एक रेकॉर्डिंग पाठवलं, तर गाणं कसं झालंय ते सांगायचं सोडून याने कळवलं, "तुमचं ६० चं आहे. काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधोमध. तुमची वीज मुळातच बेसूर." मामेभावाने पुन्हा काही पाठवलं नाही.

गिटारची स्वतःची घूं वेगळी. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारमध्ये, म्हणजे फेंडरने १९५४ मध्ये आणलेल्या त्या नमुन्यात, पिकअपला एकेकच वेटोळं असतं आणि ते घरातल्या ट्रान्सफॉर्मरांची गुणगुण इमानेइतबारे टिपतं. गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये दोन उलट्या वेटोळ्यांचा पिकअप काढून पेटंटसाठी अर्ज केला. घूं दोन्हीकडून उलटसुलट येऊन एकमेकींना खाते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. या लव्हरसाहेबांचा फोटो हमिंगवाल्याच्या देव्हाऱ्यात लागायचा काय तो बाकी आहे. पण स्वतः त्याने गिटार घेतली ती एका वेटोळ्याची. का, असं विचारू नये.

ही घूं दिशेवर अवलंबून असते, त्यामुळे गिटार गळ्यात घालून तो खोलीत सावकाश गोल फिरतो. एका ठिकाणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ती दिशा निघाली नेमकी दक्षिण. त्याची आई दारात उभी होती. "अरे, दक्षिणेला तोंड करून काय वाजवतोस? घरात सगळी धडधाकट आहेत!" त्याने चुंबकीय क्षेत्र समजावून सांगितलं. माउलीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी लॅपटॉपचं टेबल हलवायला सांगितलं. टेबल हललं आणि घूं थोडी कमी झाली, कारण टेबलाबरोबर लॅपटॉपचा प्लगही स्पीकरच्याच बोर्डावर आला होता. एकाच बोर्डावर सगळं जोडणं हा या रोगावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण श्रेय गुरुजींना गेल्याने तो आठवडाभर धुमसत होता.

इलेक्ट्रिशियन बोलावला ती सकाळ मी जवळून पाहिली आहे. त्या पोराने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प धरला. बल्ब लख्ख पेटला. "ओके आहे साहेब." हमिंगवाल्याने मल्टिमीटर पुढे केला, एक टोक या बोर्डाच्या अर्थिंगला, एक टोक त्या बोर्डाच्या. "हे बघ, मिलिव्होल्ट दाखवतोय." पोराने काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "मिली? साहेब, आम्ही २३० चं काम करतो." व्हिजिटचे पैसे घेतले आणि जाता जाता म्हणाला, "फारच त्रास असेल तर अर्थिंगची पिन तोडून टाका ना, सगळे तेच करतात."

एरवी मवाळ असणारा माणूस त्या क्षणी किंचाळला, आणि त्याचं किंचाळणं रास्त होतं. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टेजवर गेला, गिटार हातात असताना माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तिथेच कोसळला. तिसरी पिन हमिंग करण्यासाठी नसते, माणूस वाचवण्यासाठी असते. हे त्याने त्या पोराला जिन्यात गाठून सांगितलं. पोराने 'बरोबर साहेब' म्हणून पाठ सोडवून घेतली. या एका बाबतीत मी पूर्णपणे हमिंगवाल्याच्या बाजूचा आहे, आणि ज्यांच्या घरी गीझरचीही पिन तोडलेली आहे त्यांनी हा लेख इथेच बाजूला ठेवून आधी ती बदलावी.

मग खड्डा सुरू झाला. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घातलेला असतो आणि तो ओला राहावा म्हणून उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. हा ऐन मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, रोज सकाळी बादली घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात जायचा आणि भक्तिभावाने पाणी घालायचा. वॉचमनने 'इथे काय लावलंय साहेब?' असं विचारलं. सेक्रेटरीने नोटीस काढली. त्याने नोटिशीखाली अर्थिंगची आकृती काढून चिकटवली. रात्री दोनला घरातलं एकेक उपकरण बंद करून आवाज ऐकण्याचा प्रयोगही झाला. सकाळी फ्रिज बंदच राहिलेला आणि दूध नासलेलं. आईने त्याचा कलाकंद केला आणि शेजारी वाटला. या संशोधनातून सोसायटीच्या पदरात पडलेलं हे पहिलं फळ.

यूएसबी तोडणारा एक डबाही त्याने मागवला होता. यूएसबीतून माहिती जाते, पण विजेची जोड राहत नाही, असा त्याचा गुण. पण तो सेकंदाला १२ मेगाबिट एवढ्याच वेगाचा निघाला. इंटरफेसला लागतं ४८०. लॅपटॉपने इंटरफेसला ओळखच दिली नाही. त्या रात्री अर्थात हमिंग नव्हतं. आवाजच नव्हता. शेवटी तो तपकीर गल्लीत गेला आणि ऑडिओचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर घेऊन आला, एकास एक, ६०० ओहमचे. गाणं एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकाच्या वाटेने जातं, मध्ये तार नाही, त्यामुळे अर्थिंगची भांडणं आपापल्या बाजूला राहतात. साबणाच्या जुन्या डबीत ते बसवून त्याने स्वतःच्या घरी काय साधलं ते मला माहीत नाही, कारण वाजवलेलं अजून कुणी ऐकलेलं नाही.

त्या डबीचं जाहीर उद्घाटन झालं गणपतीत. पाचव्या दिवशी कराओके. लॅपटॉप स्टेजवर, चार्जर मखराच्या रोषणाईच्या बोर्डावर. मिक्सर मागे, मंडपवाल्याच्या बोर्डावर. मध्ये पन्नास फुटांची वायर. लॅपटॉपची वायर मिक्सरला लागताच अख्ख्या मंडपात घूं भरली. चेअरमन माइक घेऊन उभे, पहिल्या रांगेत त्यांचे व्याही. सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच दिशेला वळल्या. तो उठला तो एखाद्या सर्जनच्या थाटात. चार्जर काढायला निघालेल्या पोराचा हात त्याने वरच्या वर धरला, खिशातून डबी काढली, वायरीत अडकवली आणि बाजूला झाला.

शांतता अशी, की मखराच्या दिव्यांचं टिकटिकणं ऐकू यावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चेअरमननी गायला सुरुवात केली.

इतकी वर्षं घूंच्या पांघरुणाखाली काय काय झाकलेलं होतं, ते तेव्हा कळलं. ट्रॅक एका पट्टीत, चेअरमन दुसऱ्या, आणि मुखडा संपेपर्यंत ते तिसरीकडे पोचले होते. एकेक श्वास, एकेक घसरगुंडी स्पीकरमधून लखलखीत बाहेर येत होती. व्याह्यांनी मोबाइल काढला. दुसरं कडवं लागलं तसे खजिनदार वाकून वाकून रांगेतून हमिंगवाल्यापाशी आले आणि त्याच्या कानात म्हणाले, "साहेब, ते मघाचं परत लावता येईल का?"

त्याने क्षणभर गंभीरपणे विचार केला.

"येईल की. पन्नासचं हवंय की शंभरचं?"